सातारा: जुन्या वकिलाचं दप्तर मिळतंय – उघडायचं कसं, लावायचं कसं?

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी | सोमवार, रात्री ९:१०

सातारा शहरातल्या एका वाचनालयाला एका जुन्या वकिलांचं दप्तर देणगी म्हणून मिळतंय. वाडा पाडायचाय, त्यामुळे पावसाच्या आत उचलावं लागेल. वकिली साधारण १८८६ ते १९३८ या काळातली. दोन पत्र्याच्या ट्रंका आणि एक सागवानी पेटी आहे. लाल खारव्यात (जाड सुती कापडात) बांधलेली पुडकी, काही नुसतीच सुतळीने आवळलेली, बारा-पंधरा लांबट वह्या, पोस्टकार्डांचा गठ्ठा आणि तळाशी बराच सुटा कागद. निम्म्याहून जास्त मोडी, बाकी बाळबोध (देवनागरी) आणि इंग्रजी. एका ट्रंकेच्या कोपऱ्यात वाळवीची माती दिसते, ती जुनी की चालू हे कळत नाही.

वाचनालयात दोघे-तिघे वेळ देणारे आहेत, पैसा बेताचा आहे. सालवार लावावं की गाववार? कपाटात डांबरगोळ्या टाकल्या तर चालतील का? आणि स्कॅन करून सरळ नेटवर टाकलं तर काही अडचण? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

खारवा | सोमवार, रात्री १०:०२

सालवारही नको आणि गाववारही नको. आहे तसं ठेवा. बाकी सगळं नंतर सुधारता येतं, हे एकदा बिघडलं की बिघडलं.

वकिलाच्या एका पुडक्यात १८६२ चं गहाणखत, १८९४ ची फिर्याद आणि १९०१ ची बजावणीची दरखास्त एकाच दोऱ्यात सापडते. ते गहाणखत त्या दाव्यात निशाणी (नंबर पडलेला पुरावा) म्हणून दाखल झालेलं असतं. सालवार लावलंत की ते एकटं पडलं. मग ते कुणी, कशासाठी जपलं हे सांगणारा दुसरा कागद कुठल्या पेटीत गेला, ते शोधत बसा.

पेटी उघडली की आधी वरून फोटो. मग एकेक थर काढताना फोटो. प्रत्येक पुडक्याच्या दोऱ्यात कागदाची चिठ्ठी अडकवा, तीवर पेन्सिलीने पेटी-थर-पुडकं असा नंबर: २-३-७ म्हणजे दुसरी पेटी, वरून तिसरा थर, सातवं पुडकं. बॉलपेन, स्टेपल, चिकटपट्टी यांना खोलीतच येऊ देऊ नका. तळाचा सुटा कागदसुद्धा ज्या पेटीतला त्याच पेटीच्या नावाने वेगळा बांधा.

वाळवी चालू आहे का ते ओळखायचं तर मातीचा बोगदा बोटभर मोडून ट्रंक दोन-तीन दिवस तशीच ठेवा. पुन्हा ओल्या मातीने बुजवला तर चालू. चालू असेल तर ती ट्रंक वाचनालयात आणूच नका. पुडकी अंगणात, सावलीत बाहेर काढायची, माती झाडायची, जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवा दाबून काढून बंद करायची आणि डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवायची. आइस्क्रीमवाल्याचा फ्रीजर चालतो. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. नाहीतर बाहेरची दमट हवा थंडगार कागदावर जमते आणि किड्यांपासून वाचवलेला कागद तुम्हीच ओला करता. हाच उपाय कसरीला आणि भोकं पाडणाऱ्या भुंग्याच्या अळीलाही लागू. बुरशी मात्र थंडीने मरत नाही, फक्त थांबते.

डांबरगोळ्या नकोत. कपाटात टाकतो तेवढ्या वासाने किडा मरत नाही, आणि बंद खोलीत रोज बसणाऱ्या माणसांना त्रास होतो. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, कागदाला न लागेल अशी. तीही किड्याला दूर ठेवण्यापुरतीच.

---

चहाटळ | सोमवार, रात्री १०:२०

वाचनखूण साठवली. आमच्याकडे आजोबांच्या सावकारीच्या वह्या आहेत, त्यांनाही हेच लागू ना?

---

खारवा | सोमवार, रात्री १०:३१

हो, वह्यांनाही हेच. शिवण सैल झाली असेल तर नुसती मांजरपाटाच्या तुकड्यात गुंडाळा, शिवू नका.

मांजरपाटावरून आठवलं. नवं कापड दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढायची, मगच वापरायचं. कसर कागदापेक्षा खळीवर आणि डिंकावर जास्त तुटून पडते, त्यामुळे कोरं करकरीत कापड म्हणजे तिला आमंत्रणच. जुना लाल खारवा काढून वेगळा ठेवा, फेकू नका. त्याच्यावर कारकुनाने शाईने लिहिलेला नंबर असतो.

---

निवृत्त_नाझर | मंगळवार, सकाळी ७:४५

खारवाताईंनी क्रमाचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. त्यात कोर्टाच्या बाजूने थोडी भर घालतो.

लोकांना वाटतं, वकिलाच्या फायलीत आहे ते कोर्टात असणारच, मग जपायचं कशाला? तसं नसतं. रेकॉर्ड रूममध्ये मुकदम्याचे कागद वर्गवारीने ठेवतात आणि ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात, त्यासाठी १९१७ चा कायदाच आहे. निकाल आणि हुकूमनामा (डिक्री) राहतात. साक्षीसमन्स, किरकोळ अर्ज, तहकुबीचे अर्ज वगैरे जातात. आणि जे कोर्टात कधी गेलंच नाही ते फक्त वकिलाकडे: पक्षकाराची पत्रं, उलटतपासाला काढलेले प्रश्न, तडजोडीचे कच्चे मसुदे, कोणता साक्षीदार फितेल याचं टिपण.

आता सुट्या कागदांविषयी. निराश होऊ नका, त्यातले बरेच आपापल्या पुडक्यात परत जातील. दाव्यात पुरावा म्हणून घेतलेल्या दस्तावर कोर्ट शेरा मारतं: मुकदम्याचा नंबर, कुणी हजर केला, कोणत्या तारखेला, निशाणी किती, खाली न्यायाधीशांची सही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १३, नियम ४ पाहा. दावा निकाली निघाला की मूळ दस्त वकिलामार्फत पक्षकाराला परत मिळायचा, आणि पक्षकार न्यायला आलाच नाही तर वकिलाच्या पेटीत राहायचा. म्हणून प्रत्येक सुट्या कागदाची पाठ आधी पाहा, पोट नंतर.

नंबर असे वाचायचे. ‘रे. मु. नं.’ म्हणजे रेग्युलर मुकदमा, ‘स्पे. मु.’ म्हणजे पहिल्या वर्गाच्या सबजज्जाकडचा मोठ्या रकमेचा, ‘द.’ किंवा ‘दरखास्त’ म्हणजे हुकूमनाम्याची बजावणी, ‘कि. अ.’ किरकोळ अर्ज. एकाच भांडणाला यातले एकाहून अधिक नंबर असू शकतात. दरखास्त तर हुकूमनाम्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी नवी, कारण मुदत जिवंत ठेवायची असे. नोंद करताना सगळे नंबर एकाच मूळ मुकदम्याखाली आणा.

आणि कोर्ट कुठलं ते काळजीपूर्वक लिहा. तासगाव, विटा, इस्लामपूर, शिराळा हा सगळा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात. १ ऑगस्ट १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून तासगावच्या सबजज्जाच्या निकालावरचं १९१० मधलं अपील साताऱ्याच्या जिल्हा कोर्टात सापडतं.

---

आयर्विन_पूल | मंगळवार, सकाळी ८:३०

नाझरसाहेब, आमच्याकडे संस्थानांची गुंतागुंत वेगळीच. सांगली एक संस्थान, मिरज थोरली पाती दुसरं, बुधगाव म्हणजे मिरज धाकटी पाती तिसरं, जत चौथं. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानचे. कुंडलच्या शेजारचं गाव तासगाव तालुक्यातलं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं. एका बांधाच्या दोन बाजूंना दोन राज्यांचे कायदे. ८ मार्च १९४८ च्या विलीनीकरणानंतर हे सगळं मुंबई प्रांतात आलं. नोंदीत ‘तेव्हाचं राज्य’ असा रकाना हवाच.

---

निवृत्त_नाझर | मंगळवार, सकाळी ८:५२

रास्त. औंधच्या बाबतीत आणखी एक. १९३९ मध्ये तिथे स्वराज्याची घटना लागू झाली आणि किरकोळ तंटे गावपंचायतीकडे गेले. त्यानंतरचा औंधचा कागद असेल तर कोर्टाचा शिक्का नसून पंचायतीचा असू शकतो. खोटा समजून बाजूला टाकू नका.

---

मोडीमित्र | मंगळवार, दुपारी १:१५

वकिली १८८६ पासूनची म्हणजे मोडी बहुतेक घसटी, कोर्टातल्या कारकुनाची पळती. आनंदाची बातमी अशी की मजकूर साचेबंद असतो. कर्जरोखा, गहाणखत, कबुलायत, फारखत, वाटणीपत्र या पाच-सहा दस्तांचे साचे एकदा डोळ्यांखालून गेले की वाचायचं उरतं ते नाव, गाव, रक्कम, तारीख आणि चतुःसीमा. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, तुमच्या दोघा-तिघांपैकी एकाला तरी पाठवा.

नावात ‘बिन’ आलं की पुढे बापाचं नाव, ‘कोम’ आलं की नवऱ्याचं. ‘मौजे’ म्हणजे साधं गाव, ‘कसबे’ म्हणजे बाजारपेठेचं. शेवटी ‘निशाणी नांगराची’ असं लिहून वर दोन-तीन रेघांचा नांगर काढलेला असेल तर ती अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याची सही. बाई असेल तर काकणाची निशाणी. शेजारी ‘दस्तुर’ म्हणून नाव येतं ते लिहिणाराचं, देणाराचं नव्हे. नोंदीत ही अदलाबदल सर्रास होते आणि कर्ज घेणारा म्हणून भलत्याच कुलकर्ण्याचं नाव चढतं. पुढे पुढे निशाणीच्या जागी आंगठा दिसू लागतो.

तारखा. इंग्रजी अमदानीतल्या कागदावर ‘तारीख ५ माहे जून सन १८९१ इसवी’ असं सरळ असतं. पण निशाणी म्हणून जोडलेले पेशवाईतले कागद येणारच, विशेषतः इनामाच्या आणि वतनाच्या दाव्यांत. तिथे:

शकात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. फसलीत ५९० किंवा ५९१. अरबी म्हणजे शुहूर सनात ५९९, आणि जानेवारी ते मृगापर्यंत ६००. शुहूर आकड्यात नसून शब्दांत असतो आणि उलटा, एककापासून: ‘इसन्ने अशर मयातैन व अलफ’ म्हणजे २ + १० + २०० + १०००, अर्थात १२१२, इसवी १८११-१२. फसली आणि शुहूर ही सालं मृगाला बदलतात, हे विसरलं की एक वर्ष हमखास चुकतं.

रक्कम: उभी रेघ चार आणे, आडवी रेघ एक आणा. ‘रु. १२॥।=’ म्हणजे बारा रुपये चौदा आणे. संगणकावर चढवताना लोक शेवटच्या दोन आडव्या रेघांना बरोबरचं चिन्ह समजून गाळतात. जसं आहे तसं एका रकान्यात आणि ‘१२ रु. १४ आ. ० पै’ असं उलगडून दुसऱ्यात लिहा.

---

गुंठा_आणा | मंगळवार, दुपारी २:४०

जमिनीचंही तसंच. जुन्या कागदात २० पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चाहूर. सर्व्हेनंतर एकर-गुंठे, ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. म्हणजे ‘आणे’ दिसले की ते पैशाचे की क्षेत्राचे की हिश्शाचे, हे ओळीवरून ठरवायचं. ‘चार आणे हिस्सा’ म्हणजे पाव वाटणी.

कागदातला सर्व्हे नंबर आजच्या सातबारावर बहुधा मिळणार नाही, कारण १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण झालं तिथे गट नंबर पडले. जुन्याचा नवा नंबर काढायला भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा घ्या. मधल्या काळासाठी कडईपत्रक आणि फेरफार. बऱ्याच जुन्या फेरफारांचं स्कॅनिंग सरकारच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर झालेलं आहे, तहसीलला खेटे घालण्याआधी तिथे पाहा. पण सूचीत आजचा गट नंबर घालू नका. गाव, तालुका आणि जुना नंबर पुरे. गट नंबर घातलात की दप्तर बघायला येणारा पहिला माणूस भावकीतला असेल.

---

सनद_नंबर | मंगळवार, सायंकाळी ६:०५

हसण्यावारी नेऊ नका, गुंठारावांनी म्हटलंय ते खरंच महत्त्वाचं आहे.

वकील आणि पक्षकार यांच्यातला मजकूर गोपनीय असतो आणि वकीलपत्र संपलं तरी ते बंधन संपत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १२६, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२. वाचनालय म्हणजे वकील नव्हे हे मान्य, पण दप्तर स्वीकारताना निदान तेवढीच पथ्यं पाळावीत. माझी सूचना अशी की दप्तराचे दोन भाग माना. कोर्टात दाखल झालेलं (फिर्याद, कैफियत, जबान्या, निशाण्या, निकाल) अभ्यासकांना दाखवायला हरकत नाही. पक्षकाराची पत्रं, सल्ल्याची टिपणं, तडजोडीचे मसुदे हे बंद ठेवा, निदान १०० वर्षं जुने होईपर्यंत. दत्तक नामंजूर, विधवेची पोटगी, औरस-अनौरसाचे वाद, ‘गुन्हेगार जमाती’चे शिक्के मारलेले फौजदारी कागद, ही कुटुंबं आजही त्याच आळीत राहतात. सरसकट नेटवर नको.

दुसरा मुद्दा मूळ दस्तांचा. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर सही-हस्ताक्षर खरं असल्याचं कोर्ट गृहीत धरू शकतं. जुनं कलम ९०, आता ९२. ‘धरू शकतं’, धरलंच पाहिजे असं नाही. आतला मजकूर खरा असंही त्यातून ठरत नाही. आणि नकलेला हे लागू नाही. म्हणून ताब्याची साखळी लिहून ठेवा: कुणाच्या घरातून, कोणत्या तारखेला, कुणासमक्ष, किती पेट्या, कुठे ठेवल्या. देणगीपत्रावर वकिलांच्या वारसांच्या सह्या घ्याच. त्यात एक कलम असं घाला की पक्षकारांच्या मालकीचे मूळ दस्त वाचनालय केवळ सांभाळतं, त्यावर मालकी सांगत नाही.

---

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी | मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रंका अजून वाड्यातच आहेत, वरचा थर फक्त पाहिलाय. त्यात सावकार विरुद्ध शेतकरी हेच मोठ्या संख्येने दिसतंय आणि प्रत्येक पुडक्यात पानंच्या पानं हिशोब. पन्नास रुपयांच्या दाव्याला एवढे कागद का? सगळे ठेवायचे का?

---

निवृत्त_नाझर | बुधवार, सकाळी ७:२०

सगळे ठेवायचे. या दप्तराचा जीव तिथेच आहे.

१८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला, तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. त्या कायद्याने कोर्टाला नुसत्या रोख्यावर विसंबून हुकूमनामा देता येईना. रोख्याच्या मागे जाऊन पहिल्या कर्जापासूनचा सगळा व्यवहार उकलायचा, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, आणि मग देणं ठरवायचं. म्हणून पन्नास रुपयांच्या दाव्यात वीस-पंचवीस वर्षांची खतावणी उतरवलेली असते. शिवाय प्रतिवादी शेतकऱ्याची जबानी घेण्यावर त्या कायद्याचा भर होता. एरवी शेतकरी हजरच व्हायचा नाही आणि निकाल एकतर्फी लागायचा. तेव्हा त्या हिशोबांशेजारी शेतकऱ्याच्या तोंडचा मजकूर मिळेल: बैल कधी घेतला, लग्नाला किती काढले, दाणे किती घातले.

याच पुडक्यांत ‘कन्सिलिएटरचा दाखला’ मिळेल. दाव्याआधी समेटाचा प्रयत्न झाला आणि फसला, असं सांगणारा छोटा कागद. आणि दस्तावर गावरजिस्ट्रारचा शेरा. हे दोन्ही चिठोरे वाटतात म्हणून टाकून देतात. टाकू नका.

जबानी दोनदा सापडेल, एकदा मोडीत कारकुनाने घेतलेली आणि एकदा न्यायाधीशाने इंग्रजीत काढलेलं टिपण. दोन्ही ठेवा. जुळत नाहीत तिथेच अभ्यासकाला काम आहे.

---

गुंठा_आणा | बुधवार, सकाळी ९:०५

९९ रुपयांची गहाणखतं किती आहेत तेही मोजा. स्थावराचा दस्त शंभर रुपयांचा किंवा वरचा असेल तर नोंदणी सक्तीची, म्हणून रक्कम मुद्दाम खाली धरलेली असे. अशा दस्तात आकडा ९९ असला तरी हिशोबाच्या वहीत वेगळाच निघतो.

---

पोस्टाची_पेटी | बुधवार, दुपारी १२:१०

एक धोक्याची सूचना. संस्थानी कोर्ट-फी तिकिटं आणि मुद्रांक गोळा करणारे बरेच आहेत. सांगली, मिरज, औंध, फलटण यांच्या तिकिटांना बाजार आहे. रद्दीतून आलेल्या दस्तांचा वरचा चतकोर कापलेला दिसतो तो याचसाठी. तिकिटाबरोबर पहिल्या चार ओळी जातात, म्हणजे नेमकी वादी-प्रतिवादींची नावं. दप्तर पाहायला येणाऱ्याला एकट्याला बसू देऊ नका आणि तिकीट असलेल्या कागदांचे फोटो सगळ्यात आधी काढा.

तारीख नसलेला कागद तिकिटावरून अदमासे लावता येतो. सातवा एडवर्ड असेल तर १९०१ नंतरचा, पाचवा जॉर्ज असेल तर १९१० नंतरचा. जुना साठा नंतरही खपत असे, त्यामुळे ‘आधीचा नाही’ एवढंच ठरतं. पोस्टकार्डं तर सोनं. पाव आण्याचं कार्ड १८७९ मध्ये निघालं आणि पक्षकार वकिलाला त्यावरच लिहायचे. आत तारीख नसली तरी शिक्क्यावर गाव आणि दिवस असतो. कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन करा.

---

खारवा | बुधवार, दुपारी ३:३०

शाईबद्दल राहिलं. तीन प्रकार भेटतील आणि तिन्हींची वागणूक निराळी.

काजळाची शाई, बोरूने लिहिलेली: काळीभोर, शंभर वर्षांनीही फिकी पडत नाही, पण पाण्याचा थेंब पडला की धुऊन निघते. लोहाची इंग्रजी शाई: तपकिरी झालेली, पाण्याला बऱ्यापैकी टिकते, पण कागद खाते. अक्षराच्या जागी जाळी पडते. असा कागद घडीवर उलगडताना तुटतो. तिसरी कॉपिंग पेन्सिल. दिसायला साध्या पेन्सिलीसारखी, उजेडात तिरपी धरली की जांभळट झाक मारते. हिला पाणी, वाफ, स्पिरिट काहीच चालत नाही, पूर्ण पान जांभळं होतं. १९०० नंतरच्या वकिली टिपणांत हीच जास्त.

घडी मोडायला वाफ द्यायची ती फक्त पहिल्या प्रकाराला, तीही पाणी न लावता. मोठ्या झाकणाच्या प्लास्टिक ट्रेमध्ये ओला स्पंज, त्यावर जाळी, जाळीवर कागद. झाकण लावून तासभर. कागद लवचिक झाला की दोन टिपकागदांत घालून वर सपाट वजन, रात्रभर. तुटक घड्यांना हात लावू नका, तशाच पाकिटात ठेवा.

गंजलेली टाचणी ओढायची नाही. खाली पातळ पॉलिस्टरची पट्टी सरकवा, टाचणीचं टोक वर आणा, चिमट्याने धरून मागे सरकवा. दाभणाने ओवलेला दोरा शाबूत असेल तर राहू द्या, क्रम त्याच्यामुळेच टिकलाय. सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन तिन्हींना बंदी. फाटलेलं जोडायचंच असेल तर गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू, तेही शिकलेल्या माणसाने.

---

हौशी_इतिहासकार | बुधवार, दुपारी ४:१५

पण ताई, तुम्हीच म्हणालात खळीवर कसर येते!

---

खारवा | बुधवार, दुपारी ४:४०

येते. म्हणून बोटभर फाटलं तर केसभर लावायची. फाटलेलं पान पाकिटात नीट ठेवलं तर न जोडताही चालतं, निम्म्या वेळा तेच करावं.

---

आयर्विन_पूल | बुधवार, सायंकाळी ७:००

पावसाळ्याचं बोलू का? सातारकरांना महापूर नाही, पण दमटपणा आहे. सांगलीला दोन्ही आहे: २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. इथल्या संस्थेने दप्तर तळमजल्यावर ठेवूच नये.

पाण्यात गेलेलं पुडकं सोडवायला जाऊ नका. ओल्या पानांचा लगदा होतो. चिखल वरून हलक्या हाताने काढा, पुडकं तसंच पिशवीत घालून ४८ तासांच्या आत फ्रीजरमध्ये. त्यानंतर बुरशी धरतेच. फ्रीजर नसेल तर पंख्याखाली टिपकागदांत, कागद वारंवार बदलत, उन्हात अजिबात नाही. खारवा पाण्यात रंग सोडतो आणि कडेची बोटभर पट्टी लाल होते, म्हणून तो आधी काढा.

बुरशी दिसली तर एन-९५ मास्क आणि हातमोजे घालूनच हात लावा. मऊ ब्रशने, उघड्यावर, स्वतःपासून लांबच्या दिशेने झटका. आणि पुडकी सोडण्याचं काम दिवाळीनंतर मेअखेरपर्यंत. जून ते सप्टेंबर बांधून ठेवा, त्या दिवसांत सूची लिहा.

---

पिक्सेल_पाटील | बुधवार, रात्री ८:२५

स्कॅनिंगचा हिशोब देतो, म्हणजे हार्डडिस्क किती घ्यायची ते कळेल. ए-४ पान ४०० डीपीआय रंगीत, न दाबलेलं टिफ: सुमारे ४६ एमबी. ५,००० कागद, दोन्ही बाजू, म्हणजे १०,००० प्रतिमा: साधारण ४६५ जीबी. तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. म्हणजे एक टीबीच्या तीन डिस्क पुरतात. वापरायला जेपीजी वेगळी काढा.

रोलरमधून कागद ओढणारा स्कॅनर नको. वरून कॅमेरा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, शेजारी सेंटीमीटरची पट्टी. उठावाचा शिक्का वाचायचा असेल तर एकच दिवा, अगदी आडवा. पाणचिन्ह पाहायचं तर मागून उजेड. पाठ कोरी असली तरी फोटो काढा, म्हणजे पुढे कुणी ‘पाठ राहिली का’ विचारणार नाही. फाइलचं नाव खारवाताईंच्या नंबरावरूनच: २-३-७-०१४-पाठ. नावात मराठी मजकूर घालत बसू नका.

---

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी | गुरुवार, सकाळी १०:००

देणगीपत्राचा मसुदा सनदसाहेबांच्या सूचनेप्रमाणे करतोय. शेवटचा प्रश्न. माणसं कमी, पुडकी बरीच. सूची कुठल्या पुडक्यापासून सुरू करू? आणि त्या लांबट वह्या कसल्या आहेत? रकाने आहेत, तारखा आहेत, प्रत्येक ओळीला एक नाव.

---

निवृत्त_नाझर | गुरुवार, सकाळी १०:४०

पुडक्यापासून नकोच, वह्यांपासून करा. तुम्ही वर्णन केलंत ती कारकुनाची तारखांची डायरी असणार: आजची तारीख, मुकदमा नंबर, कोर्ट, पक्षकार, आज काय झालं, पुढची तारीख. दुसरी वही फीची असेल, तीत पक्षकाराचं गाव आणि किती जमा, किती बाकी. वीस रुपयांवरच्या पावतीला एक आण्याचं तिकीट लागायचं, तेही खर्चात दिसेल.

डायरीतली प्रत्येक ओळ टिपू नका, आयुष्य जाईल. एका मुकदम्याची पहिली ओळ आणि शेवटची ओळ घ्या. नंबर, साल, कोर्ट, वादी, प्रतिवादी, गाव, दाखल, निकाल. एवढे आठ रकाने. ही यादी झाली की पुडकी उघडायच्या आधीच तुम्हाला दप्तरात काय असायला हवं ते कळतं. मग पुडकं सोडून फक्त नंबर जुळवायचा आणि २-३-७ त्याच्यासमोर लिहायचा. जे मुकदमे यादीत आहेत पण पुडक्यात नाहीत ते बहुधा पक्षकार घेऊन गेला, किंवा वकिलांनी मधेच वकीलपत्र सोडलं. फीच्या वहीत त्या तारखेला हिशोब मिटवल्याची ओळ आहे का पाहा.

---

मोडीमित्र | गुरुवार, सकाळी ११:०५

वह्यांतले आकडे मोडी असतील. मोडीतला ५ आणि ९ आणि १ आधी त्याच कारकुनाच्या हातचे ओळखून घ्या. एका पानावरच्या सलग तारखा लावल्या की दहाही आकडे त्याच्याच वळणाचे मिळतात. ते कागदावर काढून टेबलासमोर चिकटवा. कारकून बदलला की नवा तक्ता.